मताचे मूल्य आणि जाळ्याचे मूल्य : मालवण किनाऱ्याच्या संदर्भात आर्थिक विषमतेच्या चर्चेची चिकित्सा

प्रास्ताविक

भारतातील आर्थिक विषमतेविषयी अलीकडे जे लेखन झाले आहे, त्यात नितीन कुमार भारती, लुकास शाँसेल, थॉमस पिकेटी आणि अनमोल सोमंची यांनी मार्च २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधाचा उल्लेख प्रथम करावा लागतो. १९२२ ते २०२३ या शंभर वर्षांतील उत्पन्न व संपत्ती यांच्या वाटपाचा आलेख त्यात मांडला आहे. २०२२-२३ मध्ये वरच्या एक टक्का लोकांकडे राष्ट्रीय उत्पन्नाचा २२.६ टक्के आणि एकूण संपत्तीचा ४०.१ टक्के वाटा होता, तर तळाच्या निम्म्या लोकसंख्येच्या हाती संपत्तीचा ६.४ टक्के भाग होता. आजची विषमता ब्रिटिश राजवटीतील विषमतेहूनही अधिक आहे, असा या अभ्यासकांचा निष्कर्ष आहे. संपत्ती अशी एकवटली की मूठभरांचा शासनावर व समाजावर अवाजवी प्रभाव पडतो आणि लोकशाही संस्था दुर्बल असतील तर तो अधिकच वाढतो, असा इशाराही त्यांनी दिला आहे.

हा निष्कर्ष खोडून काढणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. भारतातील आकडेवारीचा दर्जा समाधानकारक नाही, हे त्या निबंधाच्या लेखकांनीच प्रांजळपणे मान्य केले आहे. तेव्हा त्या अंगाने टीका करण्यात फारसे स्वारस्य नाही. प्रश्न वेगळा आहे. संपत्तीची विषमता लोकशाहीला नेमकी कोठे जखम करते? या चर्चेत सामान्यतः असे गृहीत धरले जाते की, धनिक वर्ग धोरणे आणि कायदे आपल्याला हवे तसे करून घेतो. मालवणच्या किनाऱ्यावर गेल्या चार दशकांत जे घडले ते या गृहीतकात बसत नाही. येथे कायदा दुर्बलांच्या बाजूने झाला, एकदा नव्हे तर अनेकदा झाला, आणि तरीही समुद्रातील संपत्ती ज्याच्याकडे मोठे जाळे त्याच्याकडेच सरकत राहिली.

मोजणीबाहेरची संपत्ती

काही वर्षांपूर्वी पदवीच्या वर्गात विषमतेचे मापन शिकवताना प्रस्तुत लेखकाने विद्यार्थ्यांना आपापल्या कुटुंबाच्या मालमत्तेची यादी करावयास सांगितले होते. घर, कलमे, सोने, दुचाकी, बँकेतील ठेव अशा नोंदी येत गेल्या. मच्छीमार कुटुंबातील एका विद्यार्थ्याने मात्र विचारले, "सर, रापणीतला वाटा यात धरायचा काय?" त्या क्षणी समाधानकारक उत्तर देता आले नाही. पाठ्यपुस्तकातही ते नव्हते.

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढावयाचे विस्तीर्ण जाळे. होडी अर्धवर्तुळाकार फिरवून ते समुद्रात सोडतात आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरील माणसे ओढीत आणतात. हे काम एकट्यादुकट्याचे नव्हे. जाळ्याचे तुकडे सभासदांचे, होडी संघाची, श्रम सर्वांचे. आलेली मासळी ठरलेल्या वाट्यांनी वाटली जाते. दोराला हात लावणाऱ्या वृद्धाला, मुलालाही त्यातून काही मिळते. आता या व्यवस्थेत संपत्ती कोणती? जाळ्याचे सूत जुने झाले म्हणजे त्याला फारशी किंमत उरत नाही. खरी संपत्ती आहे ती बांगडा, तारली, पेडवे यांचे थवे किनाऱ्यापर्यंत येतील या शक्यतेत, आणि ते आल्यावर त्यात आपला वाटा असेल या सामाजिक हमीत. या दोन्ही गोष्टींना बाजारभाव नाही, सातबारा नाही, वारसनोंद नाही. त्यामुळे त्या नाहीशा झाल्या तरी कोणत्याही सर्वेक्षणात कुटुंबाची संपत्ती घटल्याची नोंद होत नाही. मासळीचा थवा खोल पाण्यातच वेढला गेला, तर रापणकराच्या घरातील मालमत्ता कागदावर जशीच्या तशी राहते. फक्त दोर ओढून रिकामे जाळे येते.

याच्या उलट पर्ससीन नौकेची गोष्ट. तिचे जाळे थव्याभोवती वर्तुळ करते आणि तळाशी कड्यांतून ओवलेला दोर आवळला की बटव्याचे तोंड बंद व्हावे तसे बंद होते. एका फेरीत टनावारी मासळी वर येते. ही नौका, तिचे इंजिन, तिचे जाळे, तिच्यावरील कर्ज हे सर्व दस्तऐवजात असते, तारण ठेवता येते, मोजता येते. म्हणजे समुद्रातील तोच थवा किनाऱ्याकडे येत असताना कोणाचीच संपत्ती नसतो आणि पर्ससीनच्या जाळ्यात शिरताच एकाची संपत्ती होतो. संपत्तीच्या वाटपाचा अभ्यास या दुसऱ्या क्षणापासून सुरू होतो. पहिला क्षण त्याच्या कक्षेबाहेर राहतो, ही त्याची मोठी मर्यादा होय.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. रापणीचे गुणगान करताना ती जणू समतेचा आदर्श होती असे लिहिण्याचा मोह अनेकांना होतो. वस्तुस्थिती तशी नव्हती. जाळे व होडी यांचे वाटे श्रमाच्या वाट्याहून वेगळे काढले जात. मासळी विकावयास डोक्यावर टोपली घेऊन जाणाऱ्या स्त्रीचे श्रम वाटणीच्या हिशेबात कोठेच नसत. शिवाय बांगडा-तारलीच्या उत्पादनात नैसर्गिक कारणांनीही मोठे चढउतार होतात. प्रत्येक वाईट हंगामाचे खापर पर्ससीनवर फोडणे शास्त्रीय ठरणार नाही. एवढेच म्हणता येईल की, रापणीतील विषमता एकाच किनाऱ्यावर, एकमेकांच्या डोळ्यांसमोर होती. भांडण झाले तर ते गावातच मिटवावे लागे.

कायदा कोणी जिंकला?

यंत्राधिष्ठित मासेमारीचा विस्तार झाला तसा पश्चिम किनाऱ्यावर संघर्षही वाढला. गोव्यात १९७० च्या दशकात मातान्ही साल्ढाणा यांच्या नेतृत्वाखाली रापणकारांनी ट्रॉलरविरुद्ध मोठे आंदोलन उभारले. १९८० मध्ये गोव्यात व केरळात सागरी मासेमारी नियमनाचे कायदे झाले आणि पुढच्याच वर्षी महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ अस्तित्वात आला. सिंधुदुर्ग हा स्वतंत्र जिल्हा झाला तो १ मे १९८१ रोजी; म्हणजे जिल्हा आणि कायदा एकाच वयाचे. किनाऱ्यालगतचे पाणी लहान मच्छीमारासाठी राखणे, साधनांवर व हंगामांवर मर्यादा घालण्याचा अधिकार शासनाला देणे हा या कायद्याचा गाभा होता.

त्यानंतरही पारंपरिक मच्छीमारांचा रेटा थांबला नाही. मोर्चे झाले, निवेदने गेली, समुद्रात नौका अडविल्या गेल्या. पर्ससीन मासेमारीच्या परिणामांचा अभ्यास करण्यासाठी शासनाने डॉ. वि. शं. सोमवंशी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली व तिचा अहवाल २०१२ मध्ये सादर झाला. त्यावर विसंबून ५ फेब्रुवारी २०१६ रोजी शासनाने आदेश काढला. पर्ससीनचा हंगाम सप्टेंबर ते डिसेंबर एवढाच ठरला, परवान्यांची संख्या टप्प्याटप्प्याने १८२ पर्यंत खाली आणावयाची ठरली आणि किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात बंदी आली. १० नोव्हेंबर २०१७ रोजी केंद्र शासनाने एलईडी दिव्यांच्या साहाय्याने होणाऱ्या मासेमारीवर बंदी घातली. २०२१ मध्ये राज्याच्या अधिनियमात सुधारणा होऊन दंड वाढले. विनापरवाना पर्ससीनसाठी एक लाखापासून सहा लाखांपर्यंत आणि एलईडीसाठी पाच लाखांपासून वीस लाखांपर्यंत दंडाची तरतूद झाली.

ही यादी मुद्दाम दिली आहे. 'धनिक कायदे विकत घेतात' या सूत्राने ती उलगडत नाही. गावागावांतील लहान मच्छीमार संख्येने अधिक आहेत, मतदार आहेत, आणि निवडणुकीच्या राजकारणाने त्यांची दखल घेतली. मताचे मूल्य एक होते आणि ते कायद्याच्या कागदावर उतरले. लोकशाहीचे हे यश मान्य केल्याशिवाय पुढील अपयश समजणार नाही.

अंमलबजावणीचा समुद्र

कायदा विधिमंडळात होतो, पण तो पाळला जातो की नाही हे अंधारात, किनाऱ्यापासून काही मैलांवर ठरते. तेथे मताला मूल्य नाही. तेथे मूल्य आहे ते इंजिनाच्या अश्वशक्तीला. गस्ती नौका मागे पडली तर कायदाही मागे पडतो. मत्स्यव्यवसाय विभागाला गस्तीसाठी नौका भाड्याने घ्याव्या लागतात, आणि ज्यांच्यावर लक्ष ठेवावयाचे त्यांच्या नौका त्याहून वेगवान असू शकतात. सिंधुदुर्गाची किनारपट्टी सुमारे १२१ किलोमीटर लांबीची आहे. देवगड, मालवण व वेंगुर्ले हे तीन तालुके तिच्यावर पसरले आहेत. एका रात्री एक नौका किती पाणी पाहणार, याचे गणित शालेय विद्यार्थीही करू शकेल.

दंडाचा प्रश्न याहून मनोरंजक आहे. मूळ कायद्यात दंडाची रक्कम नौकेवर सापडलेल्या मासळीच्या किमतीशी बांधलेली होती. वरवर पाहता हे न्याय्य वाटते. प्रत्यक्षात ज्याच्याकडे एका रात्रीत मोठी कमाई करण्याची क्षमता आहे त्याच्यासाठी असा दंड हा डिझेल, बर्फ, मजुरी यांसारखाच खर्चाचा एक रकाना बनतो. लहान गिलनेटवाला एकदा दंडात सापडला तर त्याचा हंगाम जातो. मोठ्या नौकेचा एक दिवस जातो. शिक्षा एकच, पण संपत्ती विषम असल्यामुळे तिचे वजन विषम. २०२१ च्या सुधारणेने रकमा वाढविल्या हे खरे. तथापि रक्कम कितीही मोठी असली तरी पकडले जाण्याची शक्यता अल्प असेल, तर व्यावसायिक त्या दोहोंचा गुणाकार करूनच निर्णय घेतो. यात त्याची नीतिमत्ता काढण्याचे कारण नाही. कर्ज काढून नौका बांधलेल्या माणसाला हप्ता भरावयाचा असतो.

या ठिकाणी पर्ससीनधारकांची बाजूही ऐकली पाहिजे. त्यांचे म्हणणे असे की, मासळी स्थलांतर करते, ती येथे धरली नाही तर अन्य राज्यांच्या नौका धरतील. शासनानेच एकेकाळी यांत्रिकीकरणाला उत्तेजन दिले, सहकारी संस्थांमार्फत राष्ट्रीय सहकार विकास निगमाची कर्जे दिली. त्यांच्या नौकांवर खलाशी, तांडेल, बर्फवाले, वाहतूकदार पोसले जातात. हे म्हणणे पोकळ नाही. कर्नाटकातील मलपी बंदराकडून येणाऱ्या वेगवान ट्रॉलरविषयी मालवणच्या मच्छीमारांची तक्रार जुनी आहे. परंतु याच युक्तिवादातून एक गोष्ट उघड होते. शासनाचे साहाय्य ज्या मार्गाने वाहिले, त्या मार्गावर आधीपासून भांडवल असलेलाच उभा होता. यांत्रिक नौकांना मिळणारा डिझेलवरील कराचा परतावा पाहा. तो वापरलेल्या इंधनाच्या प्रमाणात मिळतो. अधिक अश्वशक्ती, अधिक डिझेल, अधिक परतावा. दोर हातांनी ओढणाऱ्या रापणकराच्या घामावर कोणताही परतावा नाही. एप्रिल २०२५ मध्ये राज्य शासनाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. त्याचे स्वागत करतानाच हे लाभ कोणत्या कागदपत्रांच्या आधारे व कोणाच्या नावे जमा होतात, याकडे अभ्यासकांनी लक्ष ठेवावयास हवे.

आणखी एक फट राज्यघटनेतच आहे. सातव्या अनुसूचीनुसार मत्स्यव्यवसाय हा राज्यसूचीतील विषय आहे, पण प्रादेशिक जलधीपलीकडील मासेमारी संघसूचीत येते. बारा सागरी मैलांपर्यंत राज्याचा कायदा, त्यापुढे केंद्राचा. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूच्या प्रकरणात अंतरिम आदेश देऊन या सीमेपलीकडे, आठवड्यातून दोन दिवस व ठरावीक वेळेत, पर्ससीनला सशर्त परवानगी दिली. कायद्याच्या दृष्टीने ही सीमा स्पष्ट असली तरी पाण्यावर ती रेषा कोणी आखून ठेवलेली नाही. ज्याच्या नौकेला दूर जाण्याचे बळ आहे त्यालाच दोन कायद्यांमधील निवडीचे स्वातंत्र्य आहे; ज्याची होडी संध्याकाळपर्यंत परतावयाची आहे त्याला एकच कायदा, एकच पाणी.

जुलै २०१७ मध्ये मालवणात मच्छीमारांच्या तक्रारींवर चर्चा सुरू असताना जिल्ह्यातील एका आमदाराने मत्स्यव्यवसाय अधिकाऱ्यावर बांगडा फेकला. त्या प्रसंगाची चित्रफीत तेव्हा सर्वत्र दाखविली गेली आणि वृत्तपत्रांनी त्याकडे शिष्टाचाराचा प्रश्न म्हणून पाहिले. प्रस्तुत लेखकाला त्यात वेगळाच अर्थ दिसतो. लोकांनी निवडून दिलेला प्रतिनिधी कायदा करणाऱ्या सभागृहाचा सभासद असूनही कायद्याच्या अंमलबजावणीपुढे हतबल असल्याचे त्याने स्वतःच जाहीर केले, आणि रोष ज्याच्यावर निघाला तो अधिकारी त्या यंत्रणेतील सर्वांत जवळ बसलेला माणूस होता. ज्यांच्या नौका समुद्रात होत्या ते त्या खोलीत नव्हते. जानेवारी २०२५ पासून किनाऱ्यावर ड्रोनद्वारे टेहळणी सुरू झाली आहे. ड्रोनला नौका दिसेल. दिसलेल्या नौकेचे पुढे काय होते, हा प्रश्न मात्र जमिनीवरचाच आहे.

खोतीची आठवण

या किनाऱ्याला असा संघर्ष नवा नाही. सिंधुदुर्ग ज्या जुन्या रत्नागिरी जिल्ह्याचा भाग होता तेथे खोत व कुळे यांच्यातील विषमता पिढ्यान्‌पिढ्या चालली होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, १० जानेवारी १९३८ रोजी शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर गेला, आणि अखेर १९४९ च्या कायद्याने खोती गेली. त्या लढ्याचे वैशिष्ट्य असे की, खोताची सत्ता दप्तरात लिहिलेली होती. तिला नाव होते, गाव होते, वसुलीचा हक्क होता. लिहिलेले खोडता येते. समुद्रावरील सत्ता कोठेही लिहिलेली नाही. पर्ससीनधारकाला समुद्राचा खोत म्हणावे तर त्याच्याकडे वतनाचा कागद नाही. तो फक्त आधी पोहोचतो. म्हणूनच जमिनीवरील सुधारणांचे साचे येथे अपुरे पडतात.

आंबेडकरांच्या २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणातील विसंगतीचा मुद्दा आपल्या प्रत्येक चर्चासत्रात उद्धृत होतो. राजकारणात एका माणसाला एक मूल्य आणि सामाजिक व आर्थिक जीवनात ते मूल्य नाकारलेले, असा त्याचा आशय. परंतु त्याच भाषणात त्यांनी सांगितलेला दुसरा मुद्दा सोयीस्करपणे विसरला जातो. राज्यघटना कितीही चांगली असली तरी ती राबविणारे चांगले नसतील तर ती वाईट ठरेल, असे ते म्हणाले होते. त्याच्या वर्षभर आधी, ४ नोव्हेंबर १९४८ रोजी, घटनेचे रूप न बदलता केवळ प्रशासनाचे रूप बदलून तिचा आशय विकृत करता येतो, असेही त्यांनी बजावले होते. या दोन मुद्द्यांना जोडून वाचले तर मालवणचे कोडे बरेचसे सुटते. आर्थिक विषमता मताला पराभूत करण्यासाठी विधिमंडळापर्यंत जाण्याची गरजच नसते. मताने मिळविलेला कायदा ज्या टप्प्यावर कृतीत यावयाचा, त्या टप्प्यावर ती वाट पाहत उभी असते.

पिकेटी व त्यांचे सहकारी यांनी सुचविलेला उपाय येथे तपासून पाहण्यासारखा आहे. देशातील सर्वांत श्रीमंत १६७ कुटुंबांच्या निव्वळ संपत्तीवर दोन टक्के कर लावला तर राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.५ टक्के महसूल मिळेल, असे त्यांचे गणित आहे. असा कर अवश्य लावावा. त्या पैशातून शाळा, दवाखाने उभे राहतील आणि वाटल्यास वेगवान गस्ती नौकाही येतील. मात्र एकदा समुद्रातून उचलली गेलेली तारली करातून परत येत नाही. हा उपाय संपत्ती निर्माण झाल्यानंतरच्या फेरवाटपाचा आहे, आणि मालवणचा प्रश्न संपत्ती कोणाच्या हाती निर्माण व्हावी याचा आहे. शिवाय आपल्या पर्ससीनधारकांपैकी कोणी त्या १६७ कुटुंबांत असण्याची शक्यता नाही. राष्ट्रीय आलेखात तो कदाचित मध्यम स्तरात दिसेल. विषमतेचे दुष्परिणाम भोगावयास अब्जाधीशच शेजारी असावा लागतो असे नाही. शेजाऱ्याच्या नौकेचे इंजिन आपल्याहून पुरेसे मोठे असले तरी भागते. या निरीक्षणाला उत्तर देणारे साधन एक टक्क्याच्या आकडेवारीत नाही.

गावातील बदल

१९५७ पासून बॅ. नाथ पै आणि १९७१ पासून प्रा. मधु दंडवते यांना लोकसभेत पाठविणारा राजापूर मतदारसंघ हा मनीऑर्डरवर जगणारा, गरीब मतदारसंघ होता. त्या काळात गरिबी नव्हती असे नाही, उलट ती आजच्याहून अधिक होती. तथापि उमेदवार आणि मतदार यांच्या राहणीत आजच्याइतके अंतर नव्हते. ते अंतर वाढण्याची कारणे अनेक आहेत व त्यांचा विचार येथे विस्ताराने करण्याचे प्रयोजन नाही.

किनाऱ्यावरील बदल मात्र डोळ्यांनी दिसतो. १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाल्यानंतर तारकर्ली-देवबागच्या वाळूला भाव आला. रापणीच्या काही होड्या पर्यटकांना फिरवू लागल्या. काही तरुण जलक्रीडेच्या व्यवसायात गेले व त्यांचे बरे चालले आहे. काही तरुण ज्या नौकांविरुद्ध त्यांचे वडील मोर्चात गेले होते त्याच नौकांवर खलाशी म्हणून गेले. एकाच गाबीत घरात एक भाऊ पारंपरिक मच्छीमारांच्या सभेला आणि दुसरा पर्ससीनवर, असे दृश्य अपवादात्मक राहिलेले नाही. गणपतीत दोघे एकाच आरतीला उभे राहतात आणि मासळीचा विषय काढत नाहीत. लोकशाहीवरील परिणामांची चर्चा करताना आपण मतदानाची टक्केवारी पाहतो. एका घरातील हा अबोला कोणत्याही टक्केवारीत येत नाही. आणि अबोला असलेल्या गावात रापण ओढण्यासाठी दोन्ही दोरांना पुरेशी माणसे जमविणे कठीण जाते, हे रापणकर स्वतःच सांगतात.

त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाला पुढच्या तासाला उत्तर दिले ते असे की, रापणीतील वाटा यादीत लिहावा आणि किमतीचा रकाना कोरा ठेवावा. त्याने तसे केले. त्याच्या वहीत 'वाटा : एक' एवढेच लिहिलेले होते. हल्ली तो एका मोठ्या नौकेवर हिशेबनीस आहे, असे त्याच्या वर्गमित्राकडून कळले.